सरकीच्या ढिगावरचं ध्यान

नानांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी मला त्यांचा राग अजून येतो. वय झालं की माणूस निवळतो, जुनं सोडून देतो, असं मला भेटणारा प्रत्येक जण सांगतो. सांगणारे बहुधा माझ्यापेक्षा लहान असतात. मी निवळलेले नाही. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी जायची, कारण मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, वाट पाहायची, पण फोटोला हात जोडायची वेळ आली की पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात निघून जायची. मोठ्या मायला ते कळत होतं.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव चोपड्याजवळ, घरी केळी आणि कापूस, आणि बारावीनंतर मला शिकवायचं तर जळगावशिवाय इलाज नव्हता. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला एक लोखंडी पेटी आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचं गाठोडं देऊन जळगावातल्या पिंप्राळ्याला नानांच्या घरी सोडलं आणि जाताना एवढंच सांगितलं की नाना म्हणतील तसं वाग. आबा दुसऱ्या कुणापुढे मान खाली घालणारे नव्हते. नानांसमोर मात्र ते खुर्चीवरसुद्धा बसत नसत. त्या घरात माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा काही महिन्यांनी लहान असलेला चुलतभाऊ होता, दिलीप. मी त्याला दिलप्या म्हणायची. माझं नाव शोभा, पण त्या घरात मी कायम ‘पोरी’ होते.

पिंप्राळ्याचं घर छोटं होतं, पण आवाज मात्र भरपूर. समोरून रिक्षा आणि स्कूटरी, शेजारी पिठाची गिरणी, आणि रेल्वेचं फाटक बंद झालं की लांबून येणारा हॉर्नचा गोंगाट. सकाळी मोठी माय भाकऱ्या थापायची तो आवाज मला उठवायचा. तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीला आणि मिरचीच्या ठेच्याला मी आयुष्यात तोड पाहिली नाही, आणि रविवारची शेवेची भाजी अशी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी यावं. जेवताना मात्र सगळे गप्प. नाना जेवताना बोलू देत नसत. घासावर लक्ष नाही तो बर्फावर काय लक्ष ठेवणार, असं ते म्हणत.

बर्फाचा विषय त्या घरात रोज निघायचा. तरुणपणी नाना एकदा, अगदी एकदाच, हिमालयात जाऊन बर्फावरून घसरायला शिकून आले होते. तिथून आणलेल्या लाकडी स्कीची जोडी बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली होती. घरात सगळे त्यांना फळ्याच म्हणायचे. आलागेला प्रत्येक जण त्या पाहायचा, आणि नाना त्याला हिमालयातली गोष्ट सांगायचे. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की दर खेपेला उतार थोडा जास्त तीव्र होतो हे माझ्या लक्षात आलं होतं. नोकरी सरकारी, काम बेताचं, त्यामुळे वेळ भरपूर. त्या वेळात त्यांनी साहसी खेळांचं एक मंडळ काढलं होतं. रविवारी पोरांना धुळ्याच्या लळिंग किल्ल्यावर दोर लावून उतरवायचं, कधी सातपुड्यात चालायला न्यायचं. मंडळात मुली दोनच होत्या, आणि दुसरीचं लग्न ठरलं तेव्हा मी एकटी उरले.

नानांचं म्हणणं असं की साहसाच्या खेळात हातपाय दुय्यम असतात. माणूस बर्फावर पडतो तो पायानं नाही, मनानं पडतो. म्हणून आधी मनाचा बर्फ करा. हे वाक्य ते जळगावात, उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, कपाळावरचा घाम पुसत म्हणायचे आणि त्यात त्यांना काही विनोदी वाटायचं नाही. आता माझ्या भाच्याची मुलगी मोबाईलवर असल्या विषयावरची भाषणं मला पाठवते. माइंडसेट, फोकस, असलं काहीबाही. छान कपडे घातलेला कुणीतरी हात हलवत सांगत असतो की जगाचा आवाज बंद करा. मी दोन मिनिटं ऐकते आणि फोन पालथा ठेवते. पोरीला वाटतं, आत्याआजीला समजत नाही.

एक गोष्ट मात्र नानांनी खरी शिकवली. रागात असले तरी ती मी नाकारणार नाही. घसरताना पायांकडे पाहायचं नाही, ज्या काठीला चुकवायचं तिच्याकडेही नाही. जिथून जायचं त्या मोकळ्या जागेकडे पाहायचं. डोळे जातात तिकडे फळ्या जातात. हे शंभर टक्के खरं आहे, आणि नानांनी तिथंच थांबायला हवं होतं.

ते थांबले नाहीत. रोज संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, मागच्या अंगणात ध्यानाचा तास असायचा. सिमेंटच्या पाइपाचा एक तुकडा आडवा टाकायचा, त्याच्यावर फळी ठेवायची, आणि गुडघे वाकवून, हातात बांबू धरून, समोरच्या भिंतीवरच्या चुन्याच्या ठिपक्याकडे पाहत तोल सांभाळायचा. इथपर्यंत ठीक. पण सगळ्या घरानं मिळून आमचं ध्यान मोडायचं, हा नियम होता. गल्लीतली पोरं बोलावलेली असायची. ती साप म्हणून ओरडायची, आग म्हणून ओरडायची, पाणी मारायची. मोठ्या मायला तव्यावर मिरच्या जाळायला सांगितलेलं असायचं. आणि नाना स्वतः कानापाशी उभे राहून हळू आवाजात बोलायचे. दिलप्याला म्हणायचे, तू नापास होणार. मला जे म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही. परक्या घरात वाढणाऱ्या मुलीला कुठं लागतं हे त्यांना नेमकं माहीत होतं, एवढं पुरे. ज्यानं वळून पाहिलं तो खाली उतरायचा आणि त्या दिवशीची सगळी भांडी घासायचा. भांडी बहुतेक मीच घासली.

दिलप्या हुशार होता आणि त्याला बापाला खूश करायचं होतं. काही महिन्यांत तो असा तयार झाला की कानाशी थाळी आपटली तरी पापणी हलायची नाही. नाना पाहुण्यांना बोलावून दाखवायचे. मला ते जमत नव्हतं. मला सगळं ऐकू यायचं. गिरणीचा पट्टा निसटला की कळायचं, मिरची करपायला लागली की कळायचं, आणि माझा तोल त्यानं जायचा नाही. तोल सांभाळूनच मला ते सगळं ऐकू यायचं. हे मी नानांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, बायकांचं मन चाळणी असतं, त्यात बर्फ कुठला राहणार.

एका संध्याकाळी मी फळीवर बरीच टिकले होते. पोरं ओरडून दमली, मिरच्या जळून झाल्या. तेव्हा नाना शांतपणे आत गेले, बाहेर आले आणि मोठ्या मायला म्हणाले की चोपड्याहून निरोप आलाय, आबाला साप चावला, दवाखान्यात नेलंय. मी फळीवरून उडी टाकली आणि अनवाणी फाटकापर्यंत धावले. एसटी कुठली, पैसे कुठले, काही सुचत नव्हतं. दिलप्या मागून पळत आला आणि दम खात हसत म्हणाला, चल घरी, खोटं होतं. घरी आले तर नाना पोरांना सांगत होते, पाहिलंत, गेलं ध्यान. मी अंगणात पडलेला बांबू उचलून त्यांच्या पायाशी इतक्या जोरात आपटला की तो चिरला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी गरजेपुरतं बोलले. आठवड्यानं आबा आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाले, नाना तुझ्या भल्याचंच करत असतील. आबांवर मी नंतर रागावले नाही, पण त्या दिवशी ते मला फार लहान वाटले.

पुढे दिलप्याची पाळी आली. नानांनी मोठ्या मायला स्वयंपाकघरात पडल्याचं सोंग करायला लावलं. तिनं आधी नाही म्हटलं, मग नवऱ्यापुढे काय चालणार. पिठाचा डबा खाली आपटला आणि ती कळवळून ओरडली. सोंग होतं हे मला ठाऊक असूनही मी स्वयंपाकघराच्या दाराकडे धावले. दिलप्या अंगणात फळीवर उभा होता, चुन्याच्या ठिपक्याकडे पाहत. ती कण्हत राहिली आणि तो पाहत राहिला. शेवटी तीच उठून दारात आली, लुगड्याला पीठ लागलेलं, आणि नाना टाळ्या वाजवत असताना मला म्हणाली, “मना आंडोरनी वळीसन पाह्यंबी नही.” तिचा आंडोर, तिचा मुलगा, तेव्हा हसत होता.

आता कुणी विचारेल, एवढा छळ होता तर तू त्या मंडळात राहिलीस कशाला. त्याचं कारण अमळनेरच्या जिनिंगमधला सरकीचा ढीग. जिनिंगमध्ये कापसातून सरकी, म्हणजे कापसाचं बी, वेगळी होते आणि हंगामात आवारात तिचा डोंगर उभा राहतो, चांगल्या दुमजली घराएवढा. मालक नानांच्या ओळखीचा. कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी त्या ढिगावर फळ्या घालून घसरायचं, ही नानांची युक्ती होती, आणि युक्ती चांगली होती. खानदेशात बर्फ आणायचा कुठून? सरकीवर फळी बर्फासारखी धावत नाही. आधी रुसते, मेण घासलं तरी अडते, आणि मग एकदम सुटते. वर चढताना पाय गुडघ्यापर्यंत रुतायचे, आतली सरकी कोमट लागायची, घामाला लव चिकटून सगळं अंग पांढरं व्हायचं आणि तेलकट वास दोन दिवस केसांतून जायचा नाही.

पण फळी सुटायची ना, त्या वेळी माझ्या मनात जे व्हायचं ते मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. भीती असायचीच. नानांवरचा रागही असायचा. ते सगळं बरोबर घेऊन मी खाली यायची. मन बर्फ वगैरे काही होत नव्हतं. उलट इतकं जागं व्हायचं की फळीखालच्या सरकीचा बदलता आवाज ऐकून पुढे ढीग भुसभुशीत आहे की दाबलेला ते मला कळायचं आणि पाय आपोआप तसे वाकायचे. मी दिलप्यापेक्षा चांगली घसरत होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मंडळातले सगळे ते पाहत होते आणि नानाही पाहत होते. मला खरा बर्फ हवा होता. इतकी हाव मला आधी कशाची वाटली नव्हती, आणि ती वाटते हे नानांना कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते.

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात हिमालयातल्या एका संस्थेनं मंडळाला स्कीच्या शिक्षणाची एक जागा देऊ केली. एकच. नाव नानांनी ठरवायचं होतं. स्वतःच्या मुलाला परस्पर पाठवलं तर लोक बोलतील, म्हणून त्यांनी अमळनेरच्या ढिगावर चाचणी ठेवली. वरून खाली यायचं, वाटेत चिंध्या बांधलेल्या काठ्या चुकवायच्या, आणि दोन्ही बाजूंनी सगळ्यांनी ओरडून ध्यान मोडायचं. वर गेल्यावर लगेच निघायचं नाही. मन पूर्ण स्थिर होईपर्यंत माथ्यावर उभं राहायचं, मगच फळी सोडायची. ज्यानं वळून पाहिलं किंवा जो मध्ये थांबला तो बाद. उमेदवार तिघे उरले: धुळ्याचा एक मुलगा, मी आणि दिलप्या. मोठी माय डब्यात भरीत-भाकरी घेऊन सोबत आली होती.

धुळ्याचा मुलगा पहिल्याच ‘साप’ला वळला आणि बाद झाला. मग मी. मी माथ्यावर उभी राहिले, ओरडणाऱ्यांचे आवाज ओळखीचे होते, आणि निघाले. दोन काठ्या सहज गेल्या. तिसरीकडे वळताना ढिगाच्या पोटातून एक दबका आवाज आला, धान्याचं पोतं बसतं तसा, आणि फळीखालचा ढीग किंचित सरकला. मी फळ्या आडव्या केल्या, बसले, आणि मागे वर पाहिलं. माथ्याच्या खाली आडवी भेग पडली होती. कापसाच्या घरात वाढलेल्या पोराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सरकीला लव असते, दाणा दाण्याला धरून राहतो, त्यामुळे खालून उपसली तरी वरची ढासळत नाही. भिंतीसारखी उभी राहते आणि मग एकदम येते. पलीकडून कुणीतरी ढीग कापत होतं. सुट्टी असूनही ट्रक भरायला आला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

मी खाली येऊन नानांना सांगितलं. ते म्हणाले, बाद. मी म्हटलं, बाद तर बाद, पण ढीग मागून पोकळ झालाय, कुणाला वर पाठवू नका. ते म्हणाले, हरल्यावर कारणं सांगू नयेत. लहानपणी हेच नाना आबांबरोबर कापसात राबलेले. मला जे कळत होतं ते त्यांना कळत नव्हतं असं मी कधीच मानणार नाही. मी पलीकडे जाऊन पाहून या म्हणून विनवत होते, तोवर त्यांनी माझ्या पायातल्या फळ्या सोडून दिलप्याच्या हातात दिल्या. मी त्याचा दंड धरला आणि सांगितलं, मागून कापलाय, जाऊ नको. त्यानं माझ्याकडे पाहून डोळा मारला. त्याला वाटलं, चाचणी सुरू झाली.

तो वर पोचला, फळ्या बांधल्या आणि ध्यानाला उभा राहिला. तेवढ्यात जिनिंगचा मुकादम पलीकडून धावत आला. “भाऊ, ढिगारा मांगून कापेल शे. पोऱ्याले खाले उतारा,” तो नानांना म्हणाला. आता नानांचा चेहरा उतरला. त्यांनी हाक मारली, दिलीप, खाली ये. दिलप्या हलला नाही. नाना मोठ्यानं म्हणाले, चाचणी संपली, खरंच सांगतोय. तेही ते अंगणात कितीदा म्हणाले होते. मग सगळेच ओरडायला लागले, मंडळाची पोरं, मुकादम, मी. साप, आग, पड, मेला, हे सगळं आम्ही त्याच्यावर वर्षभर वापरून संपवलं होतं. आता खरं सांगायला आमच्याकडे शब्दच उरला नव्हता. मोठी माय ढिगाच्या पायथ्याशी सरकीत गुडघ्यापर्यंत रुतून उभी होती आणि पदर पसरून ओरडत होती, “दिलप्या, उतर रे बापा. खरंच सांगस मी. ढिगारा पडी ऱ्हायना.” तो समोर कुठंतरी पाहत होता, गुडघे वाकवून, अगदी शिकवल्यासारखा. मी चढायला लागले होते. अर्ध्यावर असताना माथा मागच्या बाजूला बसला आणि दिलप्या त्याच्याबरोबर दिसेनासा झाला.

आवाज फारसा झाला नाही. धुळीसारखी लव उडाली आणि काही दिसेना. पलीकडे जाऊन आम्ही हातांनी, टोपल्यांनी, पावड्याच्या दांड्यांनी सरकी उपसली. पावड्याचं पातं वापरू नका म्हणून मुकादम ओरडत होता, पोराला लागेल. जेवढी काढू तेवढी वरून येत होती. एका फळीचं टोक आधी सापडलं, मग हात. तोंडात, कानात, नाकात सरकी. मुकादमानं बोटं घालून त्याचं तोंड मोकळं केलं आणि तो खोकला. एक पाय फळीसकट असा वळला होता की मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही. डोळे उघडल्यावर त्यानं बापाला शोधलं आणि विचारलं, “नाना, मी हालनू नही ना?”

नाना म्हणाले, “नाही. शाबास.”

त्या शब्दासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. घाबरले असतील, काय बोलावं सुचलं नसेल, पोराला धीर द्यायचा असेल, ही सगळी समजूत मला आजवर अनेकांनी घातली आहे. त्या वेळी नुसता त्याच्या तोंडावरून हात फिरवला असता तरी चाललं असतं.

जिनिंगच्या जीपमधून त्याला धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं आणि खुबा निखळला होता. पाय वजनं लावून टांगला. चार दिवसांनी मंडळाची मोठी माणसं आणि पोरांचे बाप जाब विचारायला यायचे होते. त्या सकाळी नानांनी मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. पहिल्यांदाच ते माझ्याशी हळू, आर्जवानं बोलत होते. म्हणाले, सगळं एकदम झालं, कुणाला ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही, असं आपण सांगायचं. मुकादमानं सांगायला हवं होतं, तो आलाच नाही. तू सगळ्यात जवळ होतीस, तुझ्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतील. दिलीप आता जाऊ शकत नाही. संस्थेला तुझं नाव कळवतो.

मी लगेच नाही म्हटलं नाही. मी जिन्यात उभी राहिले आणि मला बर्फ दिसला. कधी न पाहिलेला, पण मला तो पुरेपूर दिसत होता, आणि माझ्या पायांना तो हवा होता. मुकादमाची नोकरी जाईल हेही मला समजत होतं. नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून वर गेले. त्यांनी माझं उत्तर गृहीत धरलं होतं, कारण मी त्यांच्या घरी जेवत होते.

खोलीत दिलप्याच्या खाटेभोवती सगळे उभे होते. नानांनी ठरलं तसं सांगितलं, छान सांगितलं, भाषणासारखं. मग मोठ्या मायकडे पाहून म्हणाले, विचारा हिला. मोठी माय खाटेच्या पायाशी बसली होती. ओरडून बसलेला तिचा घसा अजून सुटला नव्हता. तिनं मान खाली घातली. तिला तसं बसलेलं पाहिलं आणि माझा जिन्यातला बर्फ गेला. मी म्हटलं, “नाना, बठ्ठा वरडत व्हतात, सगळेच. मुकादम वरडत व्हता, मोठी माय तर घसा फाटेपर्यंत वरडत व्हती. त्याला ऐकू आलं. ऐकायचं नाही, हे तुम्हीच त्याला शिकवलं.”

कुणी काही बोलायच्या आत दिलप्या बोलला. मला वाटलं होतं तो माझ्या बाजूनं बोलेल. तो माझ्याकडे वैऱ्यासारखा पाहत होता. “शोभी, तुनामा दम नव्हता म्हनीसन तू थांबनी,” तो म्हणाला. “मायना आवाज माले वळखू ऊना व्हता. ती खरंच रडी ऱ्हायनी हाईबी माले समजनं. म्हनीसनच मी आनखी घट्ट उभा ऱ्हायनू.”

खोलीतले लोक एकमेकांकडे पाहायला लागले. नानांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मोठी माय उठली, दिलप्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. मी तिच्याजवळ गेले तर तिनं मला जवळ घेतलं नाही, दूरही केलं नाही.

मुकादमाची नोकरी राहिली. मंडळ मोडलं. तरी नानांनी संस्थेला नाव कळवायचं सोडलं नाही. धुळ्याच्या त्या मुलाचं कळवलं, पहिल्याच ‘साप’ला वळून पाहिलेल्या. तो जाऊन आला आणि म्हणे छान शिकून आला. माझी पेटी त्याच आठवड्यात पिंप्राळ्याहून हलली आणि पुढचं शिक्षण मी अमळनेरला खोली घेऊन, शिकवण्या करून केलं. बर्फ मी अजून पाहिलेला नाही. भाचा म्हणतो, आत्या, चल, आता तिथं घसरायला लागतही नाही, दोरीच्या पाळण्यातून वर नेतात आणि खुर्चीत बसून पाहता येतो. मी त्याला नाही म्हणते. खुर्चीत बसून पाहण्यासाठी मला तो नको होता.

दिलप्या लंगडत का होईना, चालायला लागला. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, बापाच्याच घरात तो राहिला. माझ्याशी तो आजतागायत बोलत नाही. मोठी माय पुढे बरीच वर्षं जगली. पण धुळ्याहून परत आल्यावर तिनं दिलप्याला एकदाही हाक मारली नाही. जेवायला बोलवायचं असो, कुणी भेटायला आलेलं असो, ती हातातलं काम ठेवायची, भिंत धरत तो असेल तिथपर्यंत चालत जायची आणि त्याच्या खांद्याला हात लावायची.